उरलेली माती

माझ्या वडिलांनी पुण्यातल्या एका ख्रिस्ती दफनभूमीत जन्मभर कबरी खणल्या, आणि त्यांना पुरायला मात्र आम्हाला नगरकडचं गाव गाठावं लागलं. पुण्यात दफनभूमीच्या कमिटीकडे त्यांच्यापुरती जागा नव्हती. लोक म्हणतात, गावाची ओढ असेल. ओढ कसली! मिसरूड फुटायच्या आधी गाव सोडलेला माणूस तो.

कबर बुजवली की माती उरते, हे खणणाऱ्यालाच ठाऊक असतं. पेटीने आत जागा घेतलेली असते. थोडी माती वरच्या उंचवट्याला लागते, बाकीची कुठेतरी टाकावी लागते. बाबा ती घमेल्याने मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन टाकायचे. तिथे नुसता खोलगट खडक होता, पहार मारली तर ठिणगी उडायची. बाबांनी कडेने दगड रचले आणि तो भरत आणला. पावसात माती बसली की पुन्हा भरायचे. मी शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत तिथे कबरीपुरती जमीन तयार झाली.

"ही जागा माझी," ते म्हणायचे. "देवानं हितं खडक केलता. माती मी केली."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात बाबांची कंबर गेली. फाटकाजवळची आमची खोली नोकरीबरोबरची. घरातल्या कुणी टिकाव उचलला नाही, तर खोली खाली करा. मी तात्पुरता उचलला. अजून तात्पुरताच आहे. या कामाची लाज मला कधी वाटली नाही. राग येतो, ती गोष्ट वेगळी.

दफनभूमी भरत आली तशी कमिटीची नजर कोपऱ्यावर गेली. मोठी देणगी देणाऱ्या एका घरातली आजी वारली, तेव्हा अध्यक्षांनी मला बोलावलं. निवृत्त मुख्याध्यापक होते.

"मागच्या कोपऱ्यात खणा."

"सर, ती जागा वडिलांनी स्वतःसाठी केलीय."

"केलीय म्हणजे? जिवंत माणसाने जागा धरून ठेवायची? ही काय बस आहे, खिडकीतून रुमाल टाकायला?"

बाकीचे सभासद हसले.

"तिथे खडक होता, सर. त्यांनी भरला."

"खडक कमिटीचा, माती कमिटीची. अहो, तुम्ही पदवीधर. तुम्हाला तरी समजायला हवं."

पदवीचा मला झालेला हा पहिला उपयोग. बाबांना ते जन्मभर 'अरे' म्हणाले, मला 'अहो'. आणि शिकलेल्याने समजायचं म्हणजे काय, तर तोंड मिटायचं. खोली त्यांच्या हातात होती. मी मिटलं.

मी खणायला लागलो तसे बाबा प्लास्टिकची खुर्ची ओढत आले आणि कोपऱ्याजवळ बसले. टिकाव लागलाच नाही, नुसत्या फावड्याने माती निघत होती.

"मऊ लागती?"

"हो."

"लागणारच," ते म्हणाले.

दुपारी पेटी आली. पाळकांची प्रार्थना झाली, लोकांनी मूठ मूठ माती टाकली. निघताना आजींचा मुलगा बाबांजवळ थांबला. भला माणूस होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"काका, सावलीची जागा मिळाली हो आईला. नशीबच म्हणायचं."

"नशीब कसलं, साहेब?" बाबा म्हणाले. "घमेलं."

तो काही न कळून हसला आणि गाडीकडे गेला. मी कबर बुजवली, वर उंचवटा थापला. नेहमीसारखीच माती उरली. बाबा खुर्चीतून उठले, ढिगाकडे बघत म्हणाले, "नळामागं टाक. तिथंबी खडकच हाय."

"बाबा, तो भरायला जन्म जाईल. तुम्हाला कसा पुरणार?"

"मला कुठं? तुझ्यासाठी म्हणतोय."

त्यांनी ते मायेने म्हटलं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी घमेलं भरलं, फाटकाबाहेर नेलं आणि रस्त्यावरच्या खड्ड्यात ओतलं. सगळा ढीग संपेपर्यंत ओतत राहिलो. बाबा फाटकात उभे राहून बघत होते. थांब म्हणाले नाहीत.

उरलेली माती मी आजही तिथेच नेतो. पुण्यात खड्ड्यांना तोटा नाही. नळामागचा खडक आहे तसाच उघडा आहे.