शालिनीचा फोन

मैत्रिणींनो, आज अमळनेरला शालिनीच्या माहेरी जाऊन आले.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे ती मुंबईला गेली, दोन-तीन सिनेमे केले, मग मालिकांमध्ये कायम कुणाची तरी आई. आणि बहुतेक मालिकांत चार-सहा महिन्यांनी तिला मारून टाकायचे!

पडद्यावर तिच्या फोटोला हार दिसला की तिची आई, म्हणजे आमच्या अक्का, जेवण टाकून रडत बसायच्या. कितीही समजावलं तरी ऐकायच्या नाहीत. म्हणून असा भाग संपला की शालिनी लगेच फोन करायची. "अक्का, मी जित्ती शे. जेवी ले."

गेल्या आठवड्यात ती खरोखरच गेली.

आज हार घातलेल्या फोटोसमोर अक्का कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. मांडीवर मोबाईल. सून ताट घेऊन आली, तर म्हणाल्या, "थांब व माय. आते तिना फोन येई."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी अक्कांचा हात धरला. ताट तसंच आत गेलं.

घरी आल्यापासून एकच विचार डोक्यात आहे. आता अक्कांना 'जेवी ले' कुणी म्हणायचं?