इस्त्रीवाल्याची गैरहजेरी

हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायला तो परदेशी आला, त्याला अकरा वर्षं झाली. त्याचं नाव तिथं कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. जुना सुपरवायझर ते मोडूनतोडून पुकारायचा आणि त्या तुकड्याला ओ द्यायची त्याला सवय झाली होती. घरून फोन आला की बायको ‘अहो’ म्हणायची, मुलगी ‘बाबा’. नावानं हाक मारणारी आई तीन वर्षांपूर्वी गेली.

सोमवारी नव्या सुपरवायझर बाईंनी हजेरी घेतली. त्याचं नाव त्यांनी घरी बसून घोकलं होतं. दोनदा पुकारलं, तरी तो मान खाली घालून यंत्र पुसत राहिला. बाईंनी गैरहजेरी मांडली आणि त्याच्या यंत्रावर दुसऱ्याला पाठवलं.

“बाई, मी इथंच होतो की!”

“मग ओ का नाही दिलीत? चुकीचं म्हटलं का मी?”

“नाही हो, अगदी बरोबर म्हटलंत.”

शेजारचा घडीवाला हसला. “स्वतःचं नाव विसरलास होय रे?”

बाईंनी खाडाखोड केली. “उद्यापासून काय म्हणू मग?”

“हेच म्हणा,” तो म्हणाला. “फक्त थोडे दिवस माझ्याकडे बघून म्हणा.”