अडीचची मीटिंग आणि दोन प्रेक्षक

आमच्या घरी फायबरची वायर आली आणि तिसऱ्याच महिन्यात आई आणि शेजारच्या काकीचं बोलणं बंद झालं. भांडण मी लावलं असं गावात कुणी म्हणत नाही, पण खरं सांगायचं तर लावलं मीच.

मी कळंबोलीच्या एका कंटेनर वाहतूक कंपनीत आहे. कुठला ट्रेलर कुठे निघाला, कुठे अडकला, हे बघायचं माझं काम. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा साहेबांकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि गावी आले. गाव म्हणजे बोर्ली पंचतनहून समुद्राकडे उतरलं की लागणाऱ्या वाड्यांपैकी एक. आल्या आल्या मी दोन कामं केली. इंटरनेट घेतलं आणि केबल तोडली. नवा मोठा टीव्ही भिंतीवर लावला, त्यात मालिकांचं अ‍ॅप घातलं आणि आईला रिमोट देऊन म्हटलं, "आता दोनच्या ठोक्याला धावत यायला नको. पाहिजे तेव्हा, पाहिजे तो भाग बघ."

आईची आणि काकीची एक मालिका होती. रोज दुपारी दोनला काकी आमच्याकडे यायची. दोघी वाल सोलत नाहीतर सुका जवळा निवडत ती बघायच्या. सात-आठ वर्षं हा नेम चालला होता. तो मी मोडला. कारण तेच अ‍ॅप काकीच्या सुनेच्या मोबाइलवरही होतं, आणि काकी त्यात पुढचे भाग आधीच बघून यायची. एका दुपारी मालिकेतली थोरली सून दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होती, आईने पदर तोंडाला लावला होता, आणि काकी वालाची साल काढत शांतपणे म्हणाली, "मरत न्हाय गो ती. परवा शुद्धीवर येते. सासऱ्याला थोबाडीत पण मारते."

आईने टीव्ही बंद केला. काकीने सोललेले वाल वाटीत ओतले आणि घरी गेली. नंतर चार दिवस दोघींमध्ये फक्त कुंपण होतं.

पाचव्या दिवशी माझा लॅपटॉप झोपाळ्यावरून पडला. झोपाळ्यावर लॅपटॉप ठेवणाऱ्या माणसाला लॅपटॉप देऊच नये, हे मला मान्य आहे. बाकी सगळं चालू होतं, पडदा तेवढा काळा झाला. माणगावच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, पडदा मुंबईहून मागवावा लागेल, पंधरा-वीस दिवस धरा, तोपर्यंत टीव्हीला वायर लावून काम चालवा. तसं मी चालवलं. खुर्ची भिंतीला टेकवून, पुढ्यात स्टुलावर लॅपटॉप, आणि समोर भिंतीवर चार फुटांच्या टीव्हीवर आमचं ऑफिस.

रोज दुपारी अडीचला आमची मीटिंग असायची. पहिल्या दिवशी साहेबांचं तोंड टीव्हीवर आलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि उभीच राहिली. "एवढा मोठा दिसतो हा?"

"आई, बोलू नको. माइक बंद आहे, पण तरी नको."

"मी कुठे बोलतेय?" म्हणत ती स्टुलाच्या बाजूला बुटक्या खुर्चीवर पाय लांब करून बसली, कॅमेऱ्याच्या नजरेखाली. दुसऱ्या दिवशी तिने कुंपणावरून काकीला हाक मारली. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण दोन पंचवीसला काकी सूप घेऊन हजर. स्टुलाच्या दुसऱ्या बाजूला बसली. दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं, म्हणून मीही काही म्हटलं नाही. दोन बायका जवळा निवडत बसल्या, त्यात कंपनीचं काय जाणार होतं!

तीन दिवसांत दोघींना सगळे पाठ झाले. सोनेरी चष्म्याचे ते साहेब. पाठीमागे मोठं घड्याळ असलेली हिशेबाची बाई. आणि तिसरा, माझ्याबरोबरच काम करणारा एक जण. तो आपल्या पाठीमागे खोटं चित्र लावायचा. निळा समुद्र, पांढरी वाळू आणि दोन माड. काकीने पहिल्याच दिवशी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"ह्या माडांना नारळ कसे न्हाईत गो?"

"चित्र आहे ते, काकी."

"चित्र असूंदे. पण येवढा वारा दिसतो लाटांना, आनी माड हलत न्हाय. मेलेला हाय माड." मग आईला म्हणाली, "वयनी, ज्याला जिवंत माड कळत न्हाय त्याच्यावर इसवास ठेवू नको."

तो त्यांच्या दृष्टीने त्याच दिवशी खलनायक झाला. त्याने अजून काहीही केलेलं नव्हतं.

मला मजा यायला लागली, हे कबूल करते. मीटिंग कंटाळवाणी झाली की आई मला कोपराने ढोसायची. "त्या घड्याळवालीला विचार ना, ती आज गप्प का?" एकदा मी खरंच विचारलं, "मॅडम, तुमचं काही राहिलंय का?" तर बाई एवढ्या खूश झाल्या की दहा मिनिटं बोलल्या. काकीला डिझेलविषयी शंका आली. ट्रेलर घाटात थांबवून ठेवतात तेव्हा इंजिन चालू कशाला ठेवतात? मी ती शंका माझी म्हणून मीटिंगमध्ये मांडली. साहेब चष्मा काढून म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. घरून काम करायला लागल्यापासून तुमचं लक्ष वाढलंय." खाली बसलेली काकी जवळ्याच्या सुपावर आडवी होऊन हसली.

त्याच दिवसांत मी एक यादी करत होते. आमचे ट्रेलर बंदरातून माल घेऊन महाडला, रोह्याला जातात आणि येताना बरेचदा रिकामे येतात. कुठला ट्रेलर कधी, कुठून रिकामा निघणार आणि जवळपास कुणाचा माल उचलता येईल, याची ती यादी. चार दिवस त्याच खुर्चीत बसून केली. टीव्हीवर केली, त्यामुळे दोघींनी ती होताना बघितली. आईने तर एकदा "रोहा दोनदा आलंय बघ" म्हणून चूकही काढली. यादी झाल्यावर मी ती माडवाल्याला पाठवली, कारण आमच्या विभागाचं सगळं त्याच्यामार्फत पुढे जातं.

सोमवारी मीटिंगमध्ये टीव्हीवर माझी यादी आली. माडवाला म्हणाला, "सर, मी यावर जरा काम केलंय."

साहेबांनी त्याला शाबासकी दिली. मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. घरून काम करणाऱ्या माणसाने आवाज चढवला की लोक म्हणतात, मग या ऑफिसला.

मीटिंग संपली तशी आई म्हणाली, "बाय, ती तुझी यादी ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"ऑफिसात असं चालतं, आई."

काकी उठली. सूप काखेला मारून दारात थांबली आणि म्हणाली, "मालिकेत थोरल्या सुनेनं आठ वरसं ऐकून घेतलं. तू किती घेनार?"

मंगळवारी मीटिंगमध्ये तीच यादी पुन्हा निघाली. माडवाला ती साहेबांना समजावून सांगत होता आणि रोह्याच्या ठिकाणी अडखळत होता, कारण रोह्याचं गणित त्याला माहीतच नव्हतं. तेवढ्यात छपरावर माकडं आली. आमच्याकडे माकडं आली की एकेक कौल खाली येतं. मी काठी घेऊन मागच्या अंगणात धावले. पाच मिनिटं माकडांशी वाद घातला असेल. परत येताना बाहेरच्या खोलीतून काकीचा आवाज आला. ती आईशी बोलते तेव्हा तिचा आवाज असा नसतो. हा बाजारात मासळीचा भाव करतानाचा आवाज होता.

मी दारात पोचले तर काकी लॅपटॉपवर ओणवी झाली होती. बोलायचं असेल तर लांबडं बटण दाबून धरायचं, हे तिने मला बघून बघून शिकून घेतलं होतं. ते बटण तिने दाराची बेल दाबावी तसं अंगठ्याने दाबून धरलं होतं. टीव्हीवर माझ्या चौकोनात काकीचं कपाळ आणि कुंकू तेवढं दिसत होतं.

"ओ माडवाले," ती म्हणत होती, "तुमाला रोहा कसं सांगता येनार? ती यादी आमच्या पोरीनं केलीय. चार दिस हितं बसून. आमी दोघींनी बघितलीय. रोहा दोनदा पडलं होतं, ते हिच्या आयशीनं दाखवलं."

टीव्हीवर कुणी हलत नव्हतं. मला क्षणभर वाटलं, नेट गेलं. नेट गेलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा सारखा केला. "आपण कोण?"

"मी शेजारीन."

"मावशी, तुम्ही... रोज असता का इथे?"

"व्हय. रईवार सोडून." काकीला आता रंग चढला होता. "तुमी मानूस बरे हाव. पन जेवल्यावर लगेच बसू नका. पावनेतीनला तुमचे डोळे मिटतात. आमाला मोठं दिसतं."

घड्याळवाल्या बाईंनी तोंडावर हात दाबला. आई खालून म्हणाली, "अगो, बिरड्याचं सांग." काकीने तेही सांगितलं. "हरिहरेश्वराला दर्शनाला याल तवा हिकडं या. वालाचं बिरडं खाऊन जा." मग तिची नजर माझ्यावर पडली आणि तिने बटण सोडलं.

मी खुर्चीत बसले. काय बोलले ते आठवत नाही, "सॉरी सर" एवढंच तीन वेळा म्हटलं असावं. साहेबांनी मीटिंग संपवली. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"गिऱ्हाइकांची नावं, गाड्यांचे नंबर, सगळं तुम्ही शेजाऱ्यांना दाखवताय? उद्या हे बाहेर गेलं तर?"

त्यांचं बरोबर होतं. मी तसं म्हटलं. लॅपटॉपचं, झोपाळ्याचं, सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यादी तुमची आहे?"

"हो, सर."

"मग शुक्रवारी तुम्ही मांडा. बंद खोलीत बसून." फोन ठेवता ठेवता विचारलं, "मी खरंच झोपतो का हो?"

"थोडंसं, सर."

दुसऱ्या दिवशीपासून मीटिंग अडीचऐवजी साडेचारला व्हायला लागली. माडवाल्याने साहेबांना सांगितलं की आम्ही दोघांनी मिळून काम केलं होतं, नाव घ्यायचं राहून गेलं. मला त्याने वेगळा फोन केला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी माफी मागितली. त्या बुधवारी मी शेवटची मीटिंग टीव्हीवर घेतली, कारण पडदा गुरुवारी येणार होता. दोघींना आत पाठवलं होतं, पण दाराला फट होती. त्या दिवशी माडवाल्याच्या मागे समुद्र नव्हता. त्याचं खरं घर दिसत होतं. छोटी खोली, दोरीवर बाळाचे लंगोट आणि कोपऱ्यात भांड्यांचा ढीग. नंतर आई मला म्हणाली, "तान्हं बाळ आहे गं त्याच्या घरात. रात्रभर जागत असेल बिचारा." काकीने शिवी दिली नाही, आणि हे काकीच्या मानाने फार झालं.

शुक्रवारी आतल्या खोलीत दार लावून मी यादी मांडली. नीट झालं. रोह्याच्या ठिकाणी अडखळले नाही. आता दर सोमवारी ती यादी मीच करते आणि वर माझं नाव असतं.

पण दोघींची ही ऑफिसची मालिका बंद झाली, त्याचा राग अजून माझ्यावर आहे. साडेपाचला मी दार उघडून बाहेर येते तेव्हा दोघी पडवीत चहा घेऊन बसलेल्या असतात. काकी दुसरीकडे बघत विचारते, "काय झालं आज?" गिऱ्हाइकाचं, गाड्यांचं मी काही सांगत नाही, तो शब्द साहेबांना दिलाय. मग उरतं काय? आज नेट हळू होतं, उद्या सुट्टी आहे. एवढ्यावर दोघींची तोंडं पडतात.

म्हणून गेल्या महिन्यात मी सहज म्हटलं की घड्याळवाल्या बाई आज लाल साडी नेसून आल्या होत्या आणि मधूनच हसत होत्या. काहीही नव्हतं तसं. दुसऱ्या दिवशी माझ्या गोष्टीत त्यांना मीटिंगमध्येच एक फोन आला आणि त्या लाजल्या. तिसऱ्या दिवशी फोन करणारा पुण्याचा निघाला. काकी आता साडेपाचच्या आधीच येऊन बसते. काल आईने कपात साखर ढवळत विचारलं, "तो पुण्याचा बरा आहे का गं? आधीचं काही लफडं नाही ना त्याचं?"

मी म्हटलं, "चौकशी करून सांगते."