पाच वेळा

"वही घेतली तर ती पुन्हा चिठ्ठ्याच लिवत बसंल."

"आन न्हाई घेतली तर ती येणारच न्हाई, गड्या."

मी लोखंडी जिन्यावर होते, वर दोघे माझ्याबद्दलच बोलत होते. वही माझ्याच पिशवीत होती.

कुपवाडातल्या त्या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत आम्ही चार वर्षं सुट्टीच्या दुपारी खेळत होतो. जादूगार, योद्धे, गुहा, राक्षस, सगळं तोंडी. टेबलावर फक्त कागद, पेन्सिली आणि फासे. खेळ दादा चालवायचा. मागच्या गणपतीच्या आधी तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. आता नवा खेळ त्याचा पाटणचा मित्र चालवणार होता. त्यात नियमांची कुठली पुस्तकं चालतील, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

पुस्तकं इंग्रजीत होती. दादा मराठी शाळेत शिकलेला; मला, धाकटी म्हणून, इंग्रजी माध्यमात घातलं होतं. मी वाचून अर्थ सांगायचे, तो शंभर पानी वहीत मराठीत उतरवून घ्यायचा. मधेमधे स्वतःचे नियम घालायचा. कुंडलच्या मित्राने खाली मशीनवर बनवलेला पितळी फासा एका अंगाला जड होता, त्यासाठी एक नियम होता. माझ्यासाठीही होता: 'बहिणीने बोलायची गरज नाही. चिठ्ठीवर लिहावे.' चार माणसांत माझा आवाज निघत नाही. माझी धनुर्धारी चार वर्षं चिठ्ठ्यांवर लढली. दादा चिठ्ठी मोठ्याने वाचायचा, आणि मी लिहिलं असेल त्यापेक्षा ती जास्त शूर वाटायची.

मी आत गेले. पाटणचा आणि कुंडलचा, दोघेच होते. कुंडलच्याने माझी खुर्ची फडक्याने पुसली.

"बसा ताई. च्या सांगू?"

"तुझा च्या म्हंजे नुसता काकवीचा पाक. त्यांना पाणी दे," पाटणचा म्हणाला. मग त्याने स्पायरल बाइंडिंगची तीन पुस्तकं टेबलावर ठेवली. "ही तीन. बाकी काय न्हाई. ड्रॅगनवालं बी न्हाई."

"आरं, मग माझा अर्धा ड्रॅगन असलेला योद्धा?"

"ऊस खाऊन झोपलाय म्हणायचं. ऱ्हाऊ दे झोपलेला."

मी हसले. हसताना वही बाहेर काढली आणि मांडीवर ठेवली. ती पाहिल्यावर पाटणचा माझ्याकडे न बघता पुस्तकांच्या कडा सारख्या करत राहिला.

"ताई, सांगलीची नवी दोघं यायची हाईत. त्यांना वही कशी समजंल? समद्यांना एकच नियम पायजे."

त्याचं बरोबर होतं. दादाही असंच म्हणाला असता.

तो कोऱ्या कागदावर यादी करायला लागला. मरणाचा नियम आला. त्याने लिहिलं: तीन वेळा.

पुस्तकात तीनच आहे. जखमी होऊन पडलेल्याचा फासा तीनदा चुकला की तो मेला. पण सुरुवातीला मी घाईत वाचलं होतं आणि दादाला 'पाच' सांगितलं होतं. त्याने पाच लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. दोन वर्षांनी चूक माझ्या लक्षात आली. मी खजील होऊन सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. पाच बरंय." त्या चुकीमुळे आमच्या खेळात कधीच कुणी मेलं नाही. कुंडलचा दोनदा चौथ्या फाशापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा उठून बसला. तो उठला की दादा टेबलावर थाप मारायचा.

मी सवयीने कागदाचा तुकडा फाडला, लिहिलं, घडी घातली आणि चिठ्ठी टेबलाच्या मध्यावर सरकवली. घडी तिथेच राहिली. कुंडलच्याचा हात थोडा पुढे आला आणि थांबला. पाटणच्याने पेन खाली ठेवलं. चिठ्ठी उचलायचं काम दादाचं होतं. खाली कुणीतरी दुचाकी चालू केली, ती लांब जाईपर्यंत आम्ही तिघंही त्या कागदाकडे बघत होतो.

शेवटी मीच ती परत ओढून घेतली.

"चिठ्ठ्यांचा नियम काढून टाका," मी म्हणाले. "वहीपण नको. पण पाच राहू देत."