गाद्यांच्या गोदामातला ठेका

भिंगरी जन्मालासुद्धा ठरल्या दिवसाच्या आधीच आली, असं तिची आई सांगे. तेव्हापासून तिने कुठलीच गोष्ट वेळेवर केली नाही, सगळं आधीच. इतरांचा पहिला घास तोंडात जातो न जातो तोच हिचं ताट धुऊन पालथं. बोलताना एका वाक्याचा शेवट गिळून पुढच्यावर उडी. मामाच्या गाद्यांच्या दुकानात ती खोळी शिवायची, आणि शिवणयंत्र असं पळवायची की दोरा तुटायचा. मग गल्ल्यावरून मामा ओरडायचा, "अगं, गाडी चुकतेय का तुझी? लोक गादी झोपायला नेतात, पळायला नाही!"

अशा मुलीच्या हाती कुणी ड्रमच्या काठ्या द्याव्यात का? पण तिला कुणी दिल्याच नव्हत्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं, बँड जमायच्या आधीच तिने जुना ड्रमसेट विकत आणून ठेवला होता. बँड नंतर त्या ड्रमसेटभोवती गोळा झाला.

बँड तिघांचाच. गाणारा आणि गिटार वाजवणारा पोरगा नव्या इमारतींत विजेच्या तारा ओढायचं काम करी, म्हणून तो वायरमन. बेस वाजवणारी औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. तिला सगळे औषधवालीच म्हणत. ती मुळातच अबोल, दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावून उरलासुरला उत्साहही संपत असावा. गाणी मात्र त्यांची स्वतःची होती. एक बंद पडलेल्या लिफ्टबद्दल, एक शेजारच्या खिडकीतल्या कधीच न विझणाऱ्या दिव्याबद्दल, आणि एक नेमकं कशाबद्दल आहे हे वायरमनलाही सांगता येत नसे, पण गाताना त्याचे डोळे भरून येत.

सरावाला जागा मिळेना. वायरमनच्या खालचे शेजारी झाडूच्या दांड्याने छत बडवत. औषधवालीच्या घरी सगळे नेहमी झोपलेलेच. शेवटी भिंगरीने मामाच्या मागे भुणभुण लावली आणि दुकानामागचं लांबलचक गोदाम मिळवलं. तिथे भिंती दिसतच नव्हत्या. चारी बाजूंनी छतापर्यंत गाद्या, मधे सेट मावेल एवढी जागा. आत तिघं जीव खाऊन वाजवत, आणि बाहेर गल्ल्यावर मामाला फक्त शेजाऱ्याचा कुकर ऐकू येई. "गादीवरचं प्लास्टिक फाडायचं नाही आणि आत चहा न्यायचा नाही," एवढ्याच मामाच्या अटी होत्या.

सगळं छान होतं. फक्त भिंगरी पळायची.

गाणं चालायला निघे आणि कडव्यागणिक पाय उचलत शेवटी धावत सुटे. लिफ्टचं गाणं तर असं संपायचं की लिफ्ट बंद नव्हे, तुटून खाली आलीय असं वाटावं. वायरमनची बोटं तारांवर अडखळत, शब्द तोंडात मावेनासे होत. "हळू, हळू!" तो गाता गाताच ओरडे. भिंगरी मान डोलवे आणि आणखी पळे. तिला खरंच कळत नसे. तिच्या मते ती बरोबर होती आणि बाकीचे मागे रेंगाळत होते.

मग एके दिवशी वायरमन एक छोटं काळं यंत्र घेऊन आला. बटण दाबलं की आतून ड्रमचा ठेका वाजे, न थकता आणि न पळता. भिंगरीने त्याला बघताक्षणीच डबडं म्हणून टाकलं.

वायरमन तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे बघ, शनिवारी पहिला कार्यक्रम आहे. चार नवे बँड आणि आपण सगळ्यांत आधी. दुपारी हॉलवर एकदा वाजवून बघू. पळालीस तर... संध्याकाळी डबडं वाजेल."

"आणि मी?"

"तू खुळखुळा घे. बाजूला उभी राहा."

भिंगरी त्या रात्री पहिल्यांदाच सावकाश जेवली. मामीने कपाळाला हात लावून ताप बघितला.

शनिवारचा हॉल म्हणजे बॅडमिंटनचा उंच, लांबच लांब हॉल. लाकडी जमीन आणि पलीकडच्या टोकाला एक भलीमोठी उघडी भिंत. दुपारी आत कुणीच नव्हतं. तिघांनी सामान लावलं, वायरमनने एक, दोन, तीन, चार म्हटलं आणि गाणं सुरू झालं. सुरू झालं कसलं, सांडलं. प्रत्येक आवाज जाऊन त्या भिंतीवर आपटायचा आणि उलटा येऊन यांच्याच अंगावर कोसळायचा. एक बँड इथे आणि एक तिकडे, आणि दोघांचं एकमेकांशी भांडण. तिघांनी कधी गाद्यांबाहेर वाजवलंच नव्हतं. आपला आवाज परत येऊ शकतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"बघ, पळालीस!" वायरमन ओरडला आणि त्याने डबडं लावलं. पण डबड्याचा कुठला ठोका आणि भिंतीचा कुठला, हेच त्याला कळेना. दुसऱ्या ओळीत तो स्वतःच घसरला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

भिंगरीने मामाला फोन लावला. "मामा, हॉल घुमतोय! टेम्पोत गाद्या घाल आणि ये! भिंतीला लावायच्यात, पटकन!"

"नाचता येईना अंगण वाकडं," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

वायरमन आणि औषधवाली डोकं शांत करायला चहाच्या टपरीवर गेले. भिंगरी एकटीच सेटमागे बसून राहिली. चिडून तिने एक ठोका मारला.

ठक.

लांबून, भिंतीपाशी कुणीतरी उभं असावं तसं उत्तर आलं. टक.

तिने पुन्हा मारला. पुन्हा उत्तर. मग नेहमीसारखे भराभर मारले तर उत्तरं एकमेकांत घुसून नुसता गोंधळ झाला. ती थांबली. आता तिने मारला आणि वाट पाहिली. भिंतीला बोलू दिलं आणि मग पुढचा मारला. ठक, टक. ठक, टक. उत्तर बरोब्बर दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत येऊन बसत होतं.

तेव्हा तिला कळलं. गोदामात गाद्या तिचा प्रत्येक ठोका मारल्या मारल्या गिळून टाकत. ठोका कुठे संपतो हे तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. हातातून गेला की गेलाच, म्हणून ती घाबरून लगेच दुसरा मारी. इथे ठोका परत येत होता. मधे जागा होती आणि त्या जागेत भीतीदायक असं काहीही नव्हतं. ती एकटीच मोठ्याने हसली, आणि भिंतही हसली.

टपरीवरून दोघं परत आले तेव्हा ती उड्याच मारत होती. "ऐका, ऐका! तुम्ही भिंतीचं ऐकू नका. तुम्ही माझ्याकडे बघा. भिंतीचं मी बघते!"

लिफ्टचं गाणं वाजलं, आणि पहिल्यांदाच ज्या लयीत निघालं त्याच लयीत शेवटाला पोचलं. औषधवाली तारेवरचा हात उचलून म्हणाली, "अगं बाई!" तिच्या मानाने हे भाषणच होतं. वायरमनने डबडं पिशवीत टाकलं. भिंगरीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. मामा घामाघूम होऊन खांद्यावर गुंडाळलेली गादी घेऊन आत आला. दुकान बंद करून आला होता, भर शनिवारी.

"मामा," भिंगरी चाचरत म्हणाली, "आता नकोत."

"नकोत?"

"मला त्या भिंतीचा आवाज हवाय. तिच्यामुळेच मी पळत नाही."

मामाने गादी खाली टाकली, तिच्यावरच बसला आणि घाम पुसत हॉलभर नजर फिरवली. "संध्याकाळी लोक येणार ना इथे?"

"भरपूर!"

"मग तुझी भिंत काही बोलत नाही. रिकामं घर घुमतं, माणसं राहायला आली की गप्प होतं. माणूस म्हणजे काय गं? चालतीबोलती गादी!"

वायरमनने पिशवीत हात घातला, डबडं काढलं आणि वायर जोडून पायाशी ठेवलं. "असू दे जवळ," तो हळूच म्हणाला. "पहिलं गाणं संपेपर्यंत बघतो."

संध्याकाळी हॉल गच्च भरला. पोरंपोरी भिंतीपर्यंत दाटीवाटीने उभी. वायरमनची आई पहिल्या रांगेत पर्स छातीशी धरून, आणि मामा पार मागे, दाराशी, त्याच गुंडाळीवर. भिंगरीने काठ्या घट्ट धरल्या. एक, दोन, तीन, चार.

ठक.

काहीच आलं नाही. मामाचं खरं झालं. समोरच्या गर्दीने ठोका गिळला होता. पुन्हा तेच गोदाम! हात आपोआप पुढे सुटले. औषधवालीने मान वळवून बघितलं. वायरमनचा पाय डबड्याकडे सरकला.

आणि भिंगरीने तोंडानेच म्हटलं, "टक."

जिथे भिंत बोलायची, नेमकं तिथे. ठक, आणि ओठांवर टक. ठक, टक. दुपारभर ऐकलेली भिंत आता तिच्या आत बोलत होती, आणि तिला कितीही माणसं गप्प करू शकत नव्हती. हात जागेवर आले. औषधवालीला तिचे हलणारे ओठ दिसले आणि ती वाजवता वाजवता हसली. ठेका असा घट्ट बसला की पुढच्या रांगेतल्या माना एकदम हलायला लागल्या. कुणीतरी आरोळी ठोकली. वायरमनची आई पर्सवर ताल धरू लागली.

आणि दुसऱ्या कडव्याला कोण पळालं म्हणता? वायरमन! गर्दी उड्या मारतेय म्हटल्यावर गडी चेकाळला आणि शब्द पळवत पुढे सुटला. भिंगरीला त्याच्या मागे धावता आलं असतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं. पण ती जागची हलली नाही. त्याने दचकून मागे वळून पाहिलं. तिने मान नाही अशी हलवली, ओठांवर टक चालूच. एक ओळ तो चाचपडला आणि निमूटपणे तिच्या ठेक्यावर परत आला.

गाणं संपलं तेव्हा हॉल दणाणत होता. भिंगरी घामाने निथळत होती. वायरमन खाली वाकला, त्याने डबड्याची वायर उपटली आणि त्याच जागी कोपऱ्यातल्या टेबलपंख्याची वायर खोचली. पंखा तिच्याकडे वळवला. "पुढचं गाणं," तो म्हणाला, "तू म्हणशील त्या लयीत."

त्यांनी तिन्ही गाणी वाजवली आणि लोकांनी लिफ्ट पुन्हा मागितली. शेवटी मामा काय म्हणतो ते ऐकायला भिंगरी धावतच दाराशी गेली. मामा गादीसकट निघून गेला होता. "कान किटले असतील," वायरमन म्हणाला. तिला वाईट वाटलं. एवढं चांगलं वाजवलं आणि एक शब्दही नाही!

दुसऱ्या दिवशी ती खोळी शिवायला आली तर मामा गल्ल्यावर नव्हता. गोदामातून धापांचा आवाज येत होता. तिने दार उघडलं. मामा घामाने शर्ट भिजवून उभा होता. पलीकडची अख्खी भिंत त्याने मोकळी केली होती. तिथल्या गाद्या दुकानात, जिन्यात, मिळेल तिथे रचून ठेवल्या होत्या. किती वर्षांनी दिसली ती भिंत, चुना उडालेली आणि उघडी.

"अरे मामा, माल कुठे ठेवणार आता?"

"ते माझं मी बघेन. तू वाजव."

भिंगरी सेटमागे बसली. तिने एक ठोका मारला. मामाने तोंड उघडलं, पण तिने हात वर करून त्याला थांबवलं. दोघांनी मिळून वाट पाहिली.

टक.