वकिलाला दाखवून सही करते

नोकरीत कितीतरी गुन्हे हाताळले, पण उदगीरची ती फिर्याद आठवली की आजही अंगात तरतरी येते. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एका बुधवारी सकाळी हजेरी चालू असतानाच गावाबाहेरच्या सोयाबीन तेल कारखान्याचे व्यवस्थापक आले. प्रयोगशाळेतलं मॉइश्चर मशीन, म्हणजे धान्यातला ओलावा मोजायचं यंत्र, सोमवारी चोरीला गेलं होतं. संशय त्यांनी थेट प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंवर घेतला.

"मशीन एकच आहे साहेब. सोमवारपासून खरेदी बंद पडलीय. बाईंना उचला, लगेच कबूल होतील."

मी गुन्हा नोंदवून घेतला. पण फिर्यादीला वस्तू परत मिळण्यापेक्षा अटकेची घाई असली, की पोलिसानं सावध व्हावं. यांनी मशीन सापडेल का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. महिला शिपायाला घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. वय पन्नाशीच्या आसपास, लातूरला बीएस्सी झालेल्या, सगळी नोकरी त्याच कारखान्यात गेलेली. बोलणं सरळ होतं.

"साहेब, आम्हा जुन्या लोकांना कमी करून राहिलेत. काही रक्कम घ्या आणि राजीनामा लिहून द्या म्हणतात. मी म्हणाले, वकिलाला दाखवून सही करते. ते शनिवारी, आणि सोमवारी मशीन गेलं."

त्यांनी लातूरच्या एका वकीलबाईंना कागद दाखवला होता. त्यात राजीनामा स्वखुशीचा आणि पुढे कसलाही हक्क सांगणार नाही, असं लिहिलेलं होतं. वकीलबाईंनी बजावलं होतं, 'मला विचारल्याशिवाय सही करू नका.' हे ऐकून बाकीचे जुने कामगारही सही करायचे थांबले होते. व्यवस्थापकांची अडचण मला तिथेच कळली. पण अडचण कळणं वेगळं आणि पुरावा हाती असणं वेगळं.

तो पुरावा गुरुवारी आपल्या पायांनी ठाण्यात चालत आला. देगलूरकडचा एक शेतकरी ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी तावातावानं बोलत होता.

"काल कारखान्यावर माल नेला, साहेब. वाळवून वाळवून नेला, तरी मॉइश्चर लई दाखवून भाव पाडला. बोललो तर वॉचमननं ढकलून दिलं."

मी फाईल बाजूला ठेवली. "काल? मशीनवर मोजलं?"

"हाव. माझ्या डोळ्यांसमोर. वजनकाट्याच्या खोलीत."

त्याला आतल्या खोलीत चहा द्यायला सांगितलं आणि कारखान्याच्या खरेदी कारकुनाला बोलावणं धाडलं. कारकून आला तो घाम पुसतच. मी चोरीचं नावही काढलं नाही. घरचं विचारलं, मुलांचं विचारलं, मग सहज म्हणालो, "काल खरेदी झाली का?"

"न्हाई साहेब. मशीनच न्हाई तर खरेदी कशी व्हणार?"

मी आतल्या खोलीचं दार उघडलं. शेतकऱ्यानं कारकुनाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "हेच की ते. यांनीच मोजलं."

कारकून मटकन खुर्चीत बसला. "साहेब, माझी नोकरी जाईल म्हणून बोललो. मशीन काट्याच्या खोलीतच हाय. आणि लॅबच्या मॅडमला आता हापिसात बसवलंय. वकिलाला न विचारता सही केली तर तक्रार मागं घेतो म्हणून राहिलेत."

मी टोपी उचलली. दोन पंच, महिला शिपाई आणि कारकुनाला घेऊन जीप सुसाट काढली. बाजारात ट्रॅक्टर आडवे, रेल्वे फाटक बंद. त्या फाटकाशी थांबताना जीव नुसता टांगणीला लागला होता. बाईंनी घाबरून सही केली असती, तर पुढे ती रद्द करून घ्यायला वर्षं गेली असती.

कारखान्यात शिरताच आधी काट्याची खोली गाठली. चोरीला गेलेलं मशीन टेबलावर चालू होतं, वाटीत सोयाबीनचे दाणे तसेच. नंबर फिर्यादीतल्या नंबराशी जुळला. पंचनामा सुरू करायला सांगून मी ऑफिसचं दार ढकललं.

बाईंच्या पुढ्यात कागद होता, हातात पेन. सहीची जागा कोरी. वकीलबाई कोर्टात अडकल्या होत्या, फोन लागत नव्हता, म्हणून वेळ काढायला बाईंनी आधी पाणी मागितलं, मग चष्मा पुसला, मग प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसल्या होत्या.

"बाई, पेन खाली ठेवा," मी म्हणालो. "मशीन सापडलं."

व्यवस्थापक उठून उभे राहिले. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल आम्ही न्यायालयात पाठवला आणि त्यांच्यावर कारवाईची परवानगी मागितली. पुढे वकीलबाईंनी कारखान्याशी बोलणी केली. बाईंनी नोकरी सोडली ती आपल्या अटींवर, आणि सही न करता थांबलेल्या कामगारांनाही नवा करार मिळाला.

माणूस आधी वकिलाकडे गेला, की लोकांना वाटतं, याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार. पोलिसांनाही वाटतं. त्या दिवसानंतर मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगत आलो, की वकिलाला विचारतो म्हणणाऱ्यापेक्षा, विचारू नको म्हणणाऱ्याकडे आधी बघा.

जीपमधून घरी सोडताना मी बाईंना विचारलं होतं, "एवढ्या दबावात भीती नाही वाटली?"

"लई वाटली, साहेब," त्या म्हणाल्या. "भीती वाटली म्हणूनच तर वकिलाकडे गेले."