इंदूताईंची निळी चांदी

इंदूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, इथे अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, मराठी मंडळाच्या गणपतीला. खरं सांगायचं तर आधी दिसली ती त्यांच्या खांद्यावरची चांदीची पिन. आरती चालू आणि माझं लक्ष पिनेवर. प्रसाद घेताना मी विचारलंच, "ही तार दुहेरी पिळाची ना?" ताईंनी पिन सरळ काढून माझ्या हातात ठेवली. "विचारता काय? उलटी करून बघा. लबाडी असली तर मागच्या बाजूला सापडते." मी बघितली. सापडली नाही.

मी नोकरीने मशीनशॉपमधला इन्स्पेक्टर. चांदीकाम कोणाकडे शिकलो नाही. लायब्ररीतली पुस्तकं आणि घरचं बेसमेंट एवढीच माझी शाळा, आणि मला त्याचा अभिमान आहे. दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणताना माझी जीभ जड होते. ताईंच्या बाबतीत तसं कधी झालं नाही.

त्यांच्या कामाला आपली मंडळी सरसकट मीनाकारी म्हणतात. कृपया म्हणू नये. आपल्या मीनाकारीत धातू कोरून खळग्यात रंग भरतात. ताईंच्या मोंगोली पद्धतीत चांदीच्या पत्र्यावर पिळाची तार वळवून झाळतात, म्हणजे वितळत्या धातूने जोडतात, आणि तारेने आखलेल्या घरांत मीना, म्हणजे काचेची रंगीत पूड, ओली करून भरतात. भट्टीत ती वितळून खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. आणि तरीही तार वर उठून दिसली पाहिजे. पोवळी सगळ्यात शेवटी, कारण त्यांना आच सोसत नाही.

ताई हे शिकल्या त्यांचे शेजारी बाद्मा आजोबा यांच्याकडे. आजोबा मोंगोल कारागीर, नजर अधू झालेली. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी सांभाळून ताई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ड्राइव्ह करून न्यायच्या. आजोबांनी एक दिवस चिमटा त्यांच्या हातात दिला. "दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गैरसमजाला जागाच नव्हती," असं ताई सांगतात. पुढे एक दुकानदार त्यांना म्हणाला, मीना भाजत कशाला बसता, वरून रंग द्या, गिऱ्हाइकाला काय कळतंय? ताई म्हणाल्या, "मला कळतंय ना!"

आता आमच्या घरची गोष्ट. माझी पत्नी सुनंदा हिच्या परवानगीने लिहितो आहे.

आमच्या मीराचं लग्न ठरलं. तिने बजावलं, "बाबा, सोनं नको. आय वॉन्ट ओन्ली वन थिंग, इंदूमावशीने केलेलं." ताईंनी रेशमी गोफात ओवलेलं निळं पदक केलं, कडेने पोवळी. लग्नाच्या आठवड्यात सुनंदाने देवाची भांडी चिंचेच्या कोळात टाकली आणि पदकही जरा काळसर दिसलं म्हणून गोफासकट त्यातच सोडलं. संध्याकाळी काढलं तेव्हा पोवळी पांढुरकी, मीना निस्तेज. ती काळसर छटा तार उठून दिसावी म्हणून ताईंनी मुद्दाम ठेवलेली होती. सुनंदा रडवेली झाली. "मीराला काय तोंड दाखवू? आणि ताईंना?"

मी फोन केला. ताई तासाभरात हजर. पदक उजेडाकडे धरून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. "सुनंदा, कोळ उरलाय का? मग आमटी टाक, जेवूनच जाते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना त्यांच्या गॅरेजमधल्या भट्टीपाशी बोलावलं. धोका मला पुरता ठाऊक होता: पुन्हा आच दिली की जुनी झाळ सुटून तारा विखुरू शकतात. गोफ आणि पोवळी आधीच काढलेली. झाळ वितळू नये म्हणून ताईंनी सगळे सांधे गेरूने लिंपले, मीना पाण्यात बारीक दगडाने घासून घेतला आणि नवी निळी पूड धुवायला सुनंदाकडे दिली. "पाणी नितळ होईपर्यंत धू. तांदूळ धुतेस तशी, फक्त भाताची घाई करू नकोस." रडायचं विसरून सुनंदा धूत बसली.

पदक भट्टीत गेलं. बाहेर आलं तेव्हा लालभडक, मग काळपट, आणि निवता निवता निळं. एकही तार हलली नव्हती. मी भिंगाने तपासलं, अर्थातच. नवी पोवळी ताईंनी त्याच संध्याकाळी बसवली आणि सुनंदाने पदक पुन्हा गोफात ओवलं. "मीराला सांगायचं का?" सुनंदाने विचारलं. "ते तू ठरव," ताई म्हणाल्या.

लग्नाच्या सकाळी मीराने पदक गळ्यात घातलं, मान वळवली आणि नाक आक्रसलं. "आई, व्हाय डज धिस स्मेल लाइक आमटी?"

गोफ! तो बदलायचं आम्हा दोघांना सुचलंच नव्हतं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे, आणि ताई पदराआड तोंड लपवून हसत होत्या. मग सुनंदाने मुलीला सगळं सांगून टाकलं. मीरा इतकी हसली की काजळ पुन्हा घालावं लागलं. ताईंनी पर्समधून नवा गोफ काढला, पण तिने तो घेतला नाही. "नो मावशी. हाच राहू दे." सप्तपदीला ती तोच घालून उभी राहिली, आणि तिच्या शेजारी सुनंदा अगदी ताठ मानेने.

ताई आता साठ वर्षांच्या झाल्या. त्यांचे डोळे असेच तेज राहोत, हात असाच स्थिर राहो, आणि तब्येतीने त्यांना भट्टीपासून एक दिवसही दूर ठेवू नये. आम्हा उभयतांच्या वतीने त्यांना उदंड, निरोगी आयुष्य चिंतितो. आणि ताई, आमच्याकडे कधीही जेवायला या. आमटी तयार असेल.